टाके निघेपर्यंत नागपूर, की दुसऱ्याच दिवशी गाव?

वरच्या पापण्यांची लोंबलेली कातडी काढून घ्यायचं ज्यांचं ठरलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. करावं की करू नये, डॉक्टर नेत्रतज्ज्ञ हवा की प्लास्टिक सर्जन, हे टप्पे तुम्ही ओलांडले असतील. खेड्यातल्या माणसापुढे त्यानंतर एक प्रश्न उरतो आणि त्याबद्दल दवाखान्यात फारसं कुणी बोलत नाही. ऑपरेशन पापणीपुरती भूल देऊन होतं, त्याच संध्याकाळी सुटी मिळते आणि टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. मधले दिवस काढायचे कुठे? नागपुरात खोली घेऊन, की आपल्या घरी?

आमच्याकडे दोन्ही झालं. आधी हिचं ऑपरेशन झालं, तेव्हा एक रात्र नागपुरात काढून आम्ही गावी आलो. पुढच्या वर्षी माझं झालं, तेव्हा टाके निघेपर्यंत नागपुरात, धंतोलीतच थांबलो. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे दोन्ही वेळा दिवाळीच्याच सुट्या धरल्या. दिवस तेच, हवा तीच, डॉक्टरही तेच. तरी दोन माणसांची कातडी सारखी नसते. एका घरचा अनुभव म्हणूनच हे वाचावं.

पहिली रात्र मात्र या निवडीत धरूच नका. ती नागपुरातच काढायची. डोळ्यामागे रक्तस्राव होणं फार दुर्मीळ आहे, दोन हजारांत एखाद्याला होतं असं सांगतात. पण झालाच तर एका डोळ्यात जोराची कळ येते, डोळा टणक होऊन पुढे आल्यासारखा वाटतो, दिसायला अंधूक लागतं. तेव्हा टाके लगेच उघडून आतला दाब उतरवावा लागतो, नाहीतर दीड-दोन तासांत नजर कायमची जाऊ शकते. हे बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होतं. आमचं गाव आर्णीच्या पुढे. यवतमाळच नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटर, तिथून आर्णी, मग फाट्यावरून आत. रात्री गाडी मिळाली तरी चार तासांचा रस्ता.

तयारी दोन्हीकडे सारखीच करावी लागते. इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर ती देणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका आणि ऑपरेशन करणाऱ्यापासून लपवूही नका. कंबर दुखली की मेडिकलमधून आणतो त्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनीही रक्त लवकर गोठत नाही. बीपी आटोक्यात हवं. डोळे आधीपासूनच कोरडे पडत असतील तर ते आपणहून सांगावं, कारण ऑपरेशननंतर काही दिवस कोरडेपणा वाढतोच.

आणि खर्रा. आपल्या भागात ही गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. डॉक्टर विचारतात, सिगारेट ओढता का? माणूस नाही म्हणतो आणि ते खरंही असतं. पण खर्ऱ्यातला तंबाखूही तंबाखूच आहे. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. तीन-चार आठवडे आधी सोडला तर बरं, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत पुन्हा हात लावू नये. माझ्या ओळखीच्या एकाला हे सगळ्यात अवघड गेलं, ऑपरेशनपेक्षाही.

आता गाव. गावाच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे बरंच आहे. आपली खाट, आपलं पाणी, आपल्या हातची भाजी-भाकर. दिवाळीच्या रात्री आमच्याकडे गारवा असतो, झोप चांगली लागते. उशाला दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवायचं, एवढं पाळलं की झालं. मला धास्ती होती ती बर्फाची. पहिले दोन दिवस दहा-पंधरा मिनिटं गार शेक द्यायचा, मग थोडं थांबून पुन्हा द्यायचा, आणि नेमकी लाईन गेली तर? पण उकळून थंड केलेल्या पाण्यात गॉज भिजवला, तो स्टीलच्या डब्यात झाकून मडक्यात ठेवला, आणि काम भागलं. बर्फ थेट कातडीवर लावायचा नसतोच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, मग ओसरू लागते. हिची नागपुरात राहून लवकर उतरली असती असं मला वाटत नाही.

सोसवलं नाही ते एकच. चिलटं.

पावसाळा सरताना आमच्याकडे चिलटं होतात ती दिवाळी उलटली तरी जात नाहीत. गोठा घराला लागून, उकिरडा परसात, अंगणात सोयाबीनचं कुटार. एरवी आपण हात हलवतो, डोळे मिचकावतो आणि विसरून जातो. पापणीवर टाके असले की यातलं काहीच करता येत नाही. चिलटाला डोळ्याचं पाणी आणि चिपडं हवी असतात, आणि ऑपरेशननंतर डोळ्याला दोन्ही असतात. सुजलेली पापणी मिटली तरी खाली बारीक फट राहते, चिलट नेमकं तिथे येऊन बसतं. टाक्यांच्या ओळीवर मलम लावलेलं असतं, त्यात चिकटतं आणि तिथेच मरतं. बोट लावायचं नाही, चोळायचं नाही. मी ओल्या गॉजच्या टोकानं, टॉर्चच्या उजेडात, एकेक काढायचो. टाका केसाहून बारीक, ओढला जाईल ही भीती हाताला. एक काढेपर्यंत दुसरं आलेलं असायचं.

उपाय केले नाहीत असं नाही. गॉगल लावला, तर ती बाजूनं आत शिरत आणि काचेमागेच फिरत. दिवसाही मच्छरदाणी बांधली, तर आत उकडून घाम यायचा आणि घाम टाक्यांवर उतरला की चुरचुरायचं. पंखा जोरात लावला की चिलटं पळत, पण पापणी पुरती मिटत नसल्यानं वाऱ्यानं डोळे कोरडे पडत, मग थेंबांची बाटली सारखी हातात. सासूबाईंनी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करून पाहिला, पण धुरानं डोळ्यांना पाणीच जास्त आलं. एक अडचण मिटवायची तर दुसरी उभी. ही सोसणारी बाई आहे, दुखण्याची तक्रार तिनं केली नाही. पण तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दुखत नाही वो काही, पण हे चिलटं मले येडं करून सोडतीन."

डोळे येण्याची लागण अशा चिलटांवाटेही पसरते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हाची आमच्या वर्गातली लाल डोळ्यांची पोरं मला अजून दिसतात. हिला तसं काही झालं नाही. तरी तो आठवडा तिनं वैतागात काढला आणि मी काळजीत.

दुसरी गोष्ट बायकांपुरती आहे, पण लहान नाही. गावातल्या घरात बाई असली की काम तिला सोडत नाही. आम्ही सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, शेजारच्या काकू स्वयंपाकाला येत होत्या, तरी ही खराटा घेऊन वाकलेली दिसलीच. वाकलं, जड उचललं, कुंथलं की चेहऱ्याकडे रक्त चढतं, सूज आणि काळे-निळे डाग वाढतात. पंधरवडाभर हे टाळायचं असतं. घरातल्या घरात तिला हे टाळता येत नाही, आणि ते तिच्या स्वभावामुळे नव्हे, सभोवतालच्या कामामुळे. ज्यांच्या घरी ऑपरेशन बाईचं आहे, त्यांनी माझ्यापेक्षाही जास्त वजन या मुद्द्याला द्यावं असं मला वाटतं.

भेटायला येणारे येतातच, मायेनं येतात. "वैनी, पाहू द्या ना जराशे डोये," म्हणत जवळ येतात. डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की सगळे मोतीबिंदू धरतात आणि आता कसं दिसतं ते विचारतात. कातडी काढली म्हणून सांगावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, "कायले केलं वं माय?" प्रत्येकाला उत्तर देत बसणं सुजलेल्या डोळ्यांनी नको होतं. नागपुरात नातेवाइकांकडे उतरलात तरी हेच होतं, म्हणून मी तिथेही खोलीच घ्या म्हणेन.

नागपूरच्या खोलीत दिवस सरत नाही, हे खरं आहे. वाचलं की डोळे थकतात, मोबाइल पाहिला की मिचकावणं कमी होऊन कोरडे पडतात, म्हणून माणूस छताकडे पाहत पडून राहतो. खालून हॉर्न. डब्यातली भाजी आमच्या तोंडाला तिखट, शेवटी दहीभात सांगावा लागला. सोबतीला घरचं एक माणूस अडकतं, आणि दिवाळीच्या दिवसांत कापसाची वेचणी सुरू असताना ते परवडत नाही. माझ्या वेळी धाकट्या भावानं वावर सांभाळलं, म्हणून जमलं. खर्चही आहे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया मेडिक्लेम धरत नाही, सगळा पैसा खिशातला, त्यावर पुन्हा खोलीचं भाडं.

पण खिडकीला जाळी होती आणि दार बंद राहायचं. आठवडाभर डोळ्यावर काही बसलं नाही. मलम लावून मी शांत पडून राहू शकलो, आणि हिच्याजवळ बसून काढलेल्या त्या दिवसांनंतर मला ते फार मोठं वाटलं. कदाचित दुसऱ्या कुणाला एवढं वाटणार नाही.

दवाखाना जवळ असण्याचं सुख चिलटांइतकं ठळक नाही, पण आहे. तिसऱ्या दिवशी हिची डावी पापणी उजवीपेक्षा जास्त सुजली होती. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर गावात रेंज येत-जात होती, उत्तर सकाळी मिळालं. सूज दोन्हीकडे सारखी नसणं नेहमीचंच आहे, असं डॉक्टरांनी लिहिलं. माझंही तसंच झालं, तेव्हा मी चालत गेलो आणि दाखवून आलो. टाके काढायलाही तसाच चालत गेलो. हिला मात्र त्यासाठी पुन्हा नागपूर गाठावं लागलं. फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर गाडी जी आदळली, त्यात ती दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून बसली होती. टाके तालुक्याला काढून घेता येतील का, हे आम्ही विचारलं होतं. काढता येतात, पण पापणीच्या घडीत लपलेले इतके बारीक टाके ज्यानं घातले त्यानंच काढलेले बरे, असं मला वाटतं.

निकालात फरक पडला का? नाही पडला. काळे-निळे डाग दोघांचेही दोनेक आठवडे राहिले, व्रण काही आठवडे गुलाबी होता, पुढे घडीत मिसळून गेला. आज आमच्या दोघांच्या पापण्या शेजारी पाहिल्या तर कोण कुठे राहिलं होतं हे ओळखता येणार नाही. म्हणून घरी जाणं चुकीचं आहे असं मी कुणालाच म्हणणार नाही. तुमचा गोठा घरापासून दूर असेल, खिडक्यांना जाळ्या असतील, चूल सांभाळणारं दुसरं माणूस असेल, तर घर चांगलं. माघात करता येत असेल तर आणखी चांगलं, तेव्हा आमच्याकडे चिलटं फारशी नसतात. मे महिन्यात मात्र नको. पारा पंचेचाळीसच्या वर, दिवसरात्र कूलरचा वारा, आणि न मिटणाऱ्या पापणीला तो वारा सोसत नाही.

बाकीच्यांना, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास करणाऱ्या सगळ्यांना, मी नागपूरच सुचवेन. पूर्ण आठवडा जमत नसेल तर निदान सूज उतरायला लागेपर्यंत तीन-चार रात्री थांबा. खोली ऑपरेशनची तारीख घेण्याआधी बघून ठेवा. दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी, खिडकीला जाळी असलेली, आणि जमलं तर कमोड असलेली, कारण उठता-बसता वाकणं कमी होतं. पोट साफ राहील असं जेवण देणारा डबा आधीच ठरवा. गावी निघताना गॉगल, थेंबांची बाटली आणि मानेमागे घ्यायला उशी जवळ ठेवा, आणि फाटा आला की गाडीवाल्याला सावकाश चालवायला सांगा.