गावातली स्तन तपासणी की बांबोळीची मॅमोग्राफी?

गोव्यात २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ ही मोहीम सुरू झाल्यापासून आरोग्य केंद्रांत हातात धरायच्या यंत्राने मोफत तपासणी होऊ लागली. हे यंत्र गाठीचा कडकपणा टिपते. क्ष-किरण नाहीत, दुखत नाही, काही मिनिटांत काम होते. सत्तरी-काणकोणातल्या मजुरी करणाऱ्या बाईचा दिवस बुडत नाही, हा मोठाच फायदा. पण यंत्र कर्करोग आहे की नाही ते सांगत नाही. फक्त पुढे पाठवायचे का, ते कळते. खरी गळती इथेच होते: ‘दुखत नाही ना’ म्हणून पुढच्या तपासणीची चिठ्ठी घरातच राहते.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) होणाऱ्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत, प्रत्येक स्तनाचे दोन, असे चार फोटो निघतात. हाताला न लागणारे कॅल्शियमचे बारीक कणही दिसतात. यंत्रात स्तन दाबल्यामुळे क्षणभर दुखते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडोरंट नको, त्याचे कण फोटोत उमटतात. पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते दहावा दिवस सोयीचा. चाळिशीआधी ऊती दाट असल्याने गाठ लपते. तिथे सोनोग्राफी बरी.

लक्षण नसेल तर गावातूनच सुरुवात करावी. गाठ, ओढलेले स्तनाग्र किंवा रक्ताळ स्राव असेल तर शिबिराची वाट न पाहता थेट गोमेकॉ गाठावे, आधीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ असला तरी.