व्हॉल्व्ह सील: घरी की मिस्तरीकडे?

सकाळी गाडीच्या पहिल्या किकला निळा धूर आणि मग धूर बंद, तर समजा व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या रबरी टोप्या, गेले. रात्रभर गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) ऑइल इंजिनात झिरपतं. धूर सतत असेल तर आधी पिस्टनच्या रिंगा बघा.

कापूस वेचणीत गाडी आर्वीला मिस्तरीकडे ठेवून येणं जमेना, म्हणून स्प्लेंडरचं हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) मी अंगणातच उतरवलं. जुने सील नखाने दाबले तर प्लास्टिकसारखे कडक! नवे बसवताना व्हॉल्व्हच्या दांडीला ऑइल लावाच, नाहीतर सीलची कड फाटते. फ्लायव्हीलची 'टी' खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवूनच कॅम चेन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी, चढवा.

मिस्तरीकडे मजुरी जाते, काम मात्र लवकर उरकतं. व्हॉल्व्ह गाइडमध्ये आडवा हलत असेल तर त्याच्याकडेच न्या. झिजलेल्या गाइडवर नवा सील टिकत नाही.