क्लीप्सच्या मोफत सेफ्टी शीट्स: शाळेच्या लॅबसाठी किती उपयोगी?

‘डायल्यूट सल्फ्युरिक’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली लॅबमध्ये कोणीही निर्धास्तपणे उचलतो. सॉल्ट अ‍ॅनालिसिससाठी (क्षारातले घटक ओळखण्याच्या चाचण्यांसाठी) किंवा परमँगनेटच्या टायट्रेशनसाठी (थेंबाथेंबाने मोजून तीव्रता काढण्यासाठी) बेंचवर ठेवलेले हे अ‍ॅसिड पुष्कळदा 2 मोलर (मोलर हे तीव्रतेचे एकक: एका लिटरमध्ये किती मोल पदार्थ) किंवा त्याहून तीव्र असते. 1.5 मोलरपासून पुढे सल्फ्युरिक अ‍ॅसिड दाहक गटात मोडते, म्हणजे ते त्वचा आणि डोळा जाळते. ‘डायल्यूट’, म्हणजे सौम्य, हा शब्द वाचून चष्मा न लावणारा विद्यार्थी आणि त्याला न टोकणारा शिक्षक, दोघांचीही फसगत होते. या एका बाबतीत डोळे उघडतात म्हणून तरी क्लीप्सच्या स्टुडंट सेफ्टी शीट्स प्रत्येक विज्ञान विभागात असाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्लीप्स ही ब्रिटनमधली संस्था 1963 पासून शाळांना प्रात्यक्षिकांबद्दल सल्ला देते. तिचे काम इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडपुरते आहे. स्कॉटलंडमध्ये हेच काम सर्क ही वेगळी संस्था पाहते. क्लीप्सची हॅझकार्ड्स (शिक्षकांसाठी पदार्थांच्या धोक्यांची कार्डे), द्रावणे बनवण्याच्या कृती आणि नमुना जोखीम आराखडे सदस्य शाळांसाठी आहेत. स्टुडंट सेफ्टी शीट्स मात्र संस्थेच्या वेबसाइटवर सर्वांना खुल्या आहेत. पीडीएफ उतरवून घ्यायच्या आणि छापायच्या. हे परीक्षण त्या मोफत शीट्सचेच आहे. गुण 5 पैकी 4.

शीटची मांडणी साधी आहे. एक पदार्थ किंवा जवळच्या पदार्थांचा एक गट, आणि त्याला क्रमांक: हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड 20, सल्फ्युरिक 22, सोडियम हायड्रॉक्साइड 31. वरच्या तक्त्यात तीव्रतेचे टप्पे, प्रत्येक टप्प्यापुढे धोक्याचे चिन्ह आणि दोन-तीन ओळींचा शेरा. त्याखाली नेहमीच्या खबरदाऱ्या, मग जोखीम ठरवताना स्वतःला विचारायचे प्रश्न, आणि शेवटी अपघात झाला तर काय करायचे ते. बाटलीसोबत येणारी कंपनीची सोळा कलमांची माहितीपत्रके कारखान्यातला ड्रम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. त्यात साध्या मिठाच्या पत्रकावरही हातमोजे घाला असे लिहिलेले सापडते. मग वाचणारा सगळ्याच सूचनांकडे दुर्लक्ष करू लागतो. क्लीप्सची शीट शाळेत लागणाऱ्या तीव्रतेबद्दल बोलते, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

तीव्रतेचे हे टप्पे नीट वाचले की लॅबमधल्या अनेक समजुती उलट्या पडतात. 2 मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड कमी धोक्याच्या टप्प्यात येते. सोडियम हायड्रॉक्साइड मात्र 0.5 मोलरलाच दाहक ठरते. सेंद्रिय रसायनाच्या चाचण्यांसाठी करतात ते 10 टक्के कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडचेच द्रावण) म्हणजे लिटरला 100 ग्रॅम, 2.5 मोलर. दाहकतेच्या उंबरठ्याच्या पाचपट! साखरेच्या चाचणीतले फेहलिंग बी हे अल्कली द्रावणही त्याच पंक्तीतले. अल्कलीची आणखी एक वाईट खोड आहे. सुरुवातीला ती अ‍ॅसिडइतकी चुरचुरत नाही, आणि तेवढ्या वेळात डोळ्यात खोल शिरते. अ‍ॅसिडची भीती सगळ्यांना असते, कॉस्टिकची फारशी कोणाला नसते. जोखीम आराखडा करताना हा क्रम बदलून घ्यावा. टायट्रेशनचे 0.1 मोलर कॉस्टिक, म्हणजे लिटरला 4 ग्रॅम, यातले नाही. तिथे साधा सेफ्टी चष्मा पुरतो. दाहक टप्प्यातल्या द्रावणाला मात्र सर्व बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. युरोपीय मानकाच्या गॉगलच्या फ्रेमवर 3 हा आकडा असतो, तो द्रवाच्या शिंतोड्यांसाठीचा. उघड्या कडांचा चष्मा शिंतोडा बाजूने आत सोडतो.

आपल्याकडे शीट वापरताना पहिली अडचण एककांची येते. शीट मोलरमध्ये बोलते, आपल्या जुन्या रजिस्टरातल्या कृती नॉर्मल (तीव्रतेचे जुने एकक) आणि टक्क्यांमध्ये. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि कॉस्टिकसाठी नॉर्मल आणि मोलर आकडा एकच. सल्फ्युरिकसाठी निम्मा: 4 नॉर्मल म्हणजे 2 मोलर, दाहक, 2 नॉर्मल म्हणजे 1 मोलर, क्षोभक (न जाळता चुरचुरवणारे), 1 नॉर्मल म्हणजे 0.5 मोलर, क्षोभकतेच्या कडेवर. हे रूपांतर एकदा करून प्रत्येक बाटलीवर मोलरमध्ये आकडा आणि चिन्ह घालावे. ‘डिल.’ आणि ‘कॉन्क.’ एवढ्याच चिठ्ठ्या काढून टाकाव्यात. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि आराखड्यातला सर्वांत जास्त फायदा याच कामातून मिळतो. त्याच वेळी द्रावण सौम्य करता येईल का तेही पाहावे. साधारण 18 मोलर कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकचे 28 मिलि सुमारे 400 मिलि पाण्यात थोडे थोडे ढवळत ओतले, गार होऊ दिले आणि 500 मिलिपर्यंत भरले की 1 मोलर मिळते. जिथे 1 मोलरने चाचणी होते, तिथे 2 मोलर ठेवायचे कारण उरत नाही.

आता शीटची मर्यादा. शीट पदार्थाचा धोका सांगते, जोखीम सांगत नाही. मराठीत हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. आराखड्यात ते वेगळे ठेवावेत. धोका हा पदार्थाचा किंवा साधनाचा गुण. जोखीम ठरते ती कृतीतून: किती प्रमाण, कोणाच्या हातात, किती गर्दीत, तापवून की गार, आणि चुकण्याची शक्यता किती. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिकच्या ओळीत ‘कमी धोका’ असे लिहिलेले असते. पण ते पिपेटमध्ये तोंडाने ओढले जात असेल, तर त्या टेबलावरची जोखीम कमी नाही. पुढच्या बीकरमध्ये कोणते द्रावण असेल याची खात्री नसते. रबरी बल्ब किंवा पिपेट फिलर ही ओळ शीट तुमच्यासाठी लिहिणार नाही. मोरचुदाच्या शीटमध्ये घन पदार्थ गिळल्यास अपायकारक आणि डोळ्याला गंभीर इजा करणारा, एवढे कळेल. पण स्फटिक बनवण्याच्या प्रात्यक्षिकात खरी इजा बाष्पनपात्र कोरडे होईपर्यंत तापवल्याने होते. द्रावण घट्ट झाले की गरम थेंब तडतडून उडतात. उपाय कृतीतच आहे. कडेला स्फटिक दिसू लागताच बर्नर बंद करायचा आणि उरलेले पाणी रात्रभर आपोआप उडू द्यायचे.

शीटला तयार होणारे वायूही नीट दिसत नाहीत, कारण ती एकेका पदार्थापुरती आहे. बारावीच्या रासायनिक गतिकीतले थायोसल्फेटचे प्रात्यक्षिक घ्या. थायोसल्फेटचे शीट पाहिले तर काळजीचे काही नाही, 2 मोलर हायड्रोक्लोरिकचेही नाही. दोन्ही एकत्र आले की गंधक आणि सल्फर डायऑक्साइड. 0.2 मोलर थायोसल्फेट 50 मिलि आणि 2 मोलर अ‍ॅसिड 5 मिलि घेतले, तर एका वाचनातून जास्तीत जास्त 5 मिलिमोल वायू, म्हणजे सुमारे 120 मिलि. 20 गट आणि प्रत्येकी 5 वाचने धरली तर 12 लिटर. 9 मीटर लांब, 6 मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच खोलीत हा सगळा वायू सुटला तर हवेतले त्याचे प्रमाण 60 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 60 भागांच्या) पुढे जाईल. ब्रिटनमधली कामाच्या जागेची 15 मिनिटांची मर्यादा 1 पीपीएम आहे. बराचसा वायू पाण्यात विरघळून राहतो हे खरे, पण बीकर सिंकमध्ये ओतून ठेवले की तोच हळूहळू बाहेर पडतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला हवेतला अगदी थोडा अंशही पुरतो.

या प्रात्यक्षिकाचा आराखडा असा लिहावा. प्रमाण पाचपटीने कमी करायचे: 10 मिलि थायोसल्फेट, 1 मिलि अ‍ॅसिड, लहान काचेच्या बाटलीत, खाली फुलीचा कागद. गंधकाने द्रावण गढूळ होऊन फुली दिसेनाशी झाली की बाटली लगेच सोड्याच्या टबात रिकामी करायची. टबात 500 मिलि पाण्यात 53 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट, किंवा 143 ग्रॅम धुण्याच्या सोड्याचे खडे, आणि फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) काही थेंब. जुन्या प्रमाणाने सगळ्या वर्गाचे मिळून 1 मोल अ‍ॅसिड होते आणि तेवढे एक टब कसेबसे झेलतो. लहान प्रमाणात चारपट वाव राहतो. गुलाबी रंग गेला म्हणजे टबाची सुमारे अर्धी ताकद संपली, तेव्हाच नवा भरायचा. फेस येतो म्हणून टब रुंद आणि ओतणे सावकाश. खिडक्या उघड्या, दम्याची मुले खिडकीजवळ, आणि त्यांची नावे शिक्षकाला आधीच माहीत. एवढे आठ-दहा ओळींत बसते.

लिहायचे कुठे, याबद्दल क्लीप्सची भूमिका आम्हाला पूर्ण पटते. ब्रिटनच्या कायद्याने जोखीम तपासण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर आहे. शिक्षकाने नमुना आराखडा घ्यायचा, आपल्या वर्गाला लागू करायचा आणि झालेले बदल रोजच्या वापराच्या कागदावर नोंदवायचे. प्रत्येक प्रयोगाला वेगळा चार पानी फॉर्म लागत नाही. आपल्याकडे फाइलमध्ये सुबक तक्ते लावून कपाटात ठेवण्याची ओढ मोठी असते. त्याऐवजी प्रात्यक्षिकाच्या वार्षिक नियोजनातच प्रत्येक प्रयोगापुढे तीव्रता, प्रमाण, चष्मा की गॉगल, आणि ‘थांबवायचे केव्हा’ हे लिहावे. त्याची एक प्रत प्रयोगशाळा सहायकाकडे हवी, कारण द्रावण तेच बनवतात आणि कॉन्सन्ट्रेटेड अ‍ॅसिडची बाटली उघडण्याची सर्वांत मोठी जोखीम त्यांचीच असते. त्यांना न विचारता केलेला आराखडा अर्धाच म्हणायचा. उन्हाळ्यात लिकर अमोनियाचे (अमोनियाच्या तीव्र द्रावणाचे) झाकण उघडताना वायूचा लोट अंगावर येतो. बाटली आधी गार पाण्यात ठेवून, कापड धरून, फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघडावी, ही ओळ मुलांच्या शीटमध्ये शोधून उपयोग नाही.

हवामानाचाच दुसरा मुद्दा स्पिरिटचा. स्पिरिटमधल्या इथेनॉलचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) साधारण 13 अंश सेल्सिअस आहे. थंड देशात तो आकडा खोलीच्या तापमानाच्या जरा खाली असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाटलीच्या तोंडाशी पेट घेण्याजोगी वाफ कायमच असते. जिथे बर्नरऐवजी स्पिरिटचे दिवे आहेत, तिथे दिवा विझवून पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही, भरायची बाटली 100 मिलिहून मोठी ठेवायची नाही, आणि मोठा कॅन वर्ग चालू असताना लॅबमध्ये आणायचाच नाही. पेटत्या किंवा गरम दिव्याजवळ बाटलीतून स्पिरिट ओतले की ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि समोर बसलेल्यांच्या अंगावर पेटता झोत येतो. मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाळा दाखवण्याचा प्रयोग याच कारणासाठी यादीतून काढून टाकावा. ज्योत परीक्षेला प्लॅटिनमची तार किंवा भिजवलेली लाकडी काडी पुरते.

किपचे उपकरण (लॅबमध्ये वायू तयार करण्याचे काचेचे साधन) जिथे अजून चालू आहे, तिथे हायड्रोजन सल्फाइडसाठी एक ओळ ठळक हवी: वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नये. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते. फ्यूम हूडचा पंखा खरोखर ओढतो का, हे टिश्यू पेपरची पट्टी धरून दर सत्राला पाहावे.

शीटच्या शेवटचा आपत्कालीन भाग थोडक्यात आणि नेमका आहे: डोळ्यात गेले तर सावकाश वाहत्या नळाच्या पाण्याने किमान 20 मिनिटे धुवायचे. वाहता नळ सतत असतो, हे ब्रिटनमध्ये गृहीत आहे. इथे दुपारच्या बॅचला टाकी रिकामी असू शकते. 1 लिटरची बाटली नळाखाली 30 सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला 2 लिटर, 20 मिनिटांना 40 लिटर. 20 लिटरचा एक जार दहाच मिनिटे पुरेल, म्हणून तोटी असलेले दोन जार भरून ठेवावेत आणि पाणी दर आठवड्याला बदलावे. नळाला हातभर मऊ रबरी नळी जोडलेली असली की झोपवूनही डोळा धुता येतो. धुणे चालू असतानाच दुसऱ्याने 108 ला फोन करायचा आणि पदार्थाचे नाव व तीव्रता सांगायची. ती शीट रुग्णासोबत द्यावी.

एक गुण कापला तो भाषेसाठी आणि आपल्या अभ्यासक्रमाच्या फरकासाठी. शीट्स इंग्रजीत आहेत, आणि मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलाला त्या थेट देऊन उपयोग नाही. लेड नायट्रेट, बेरियम क्लोराइड, पोटॅशियम डायक्रोमेट आपल्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये मुलांच्या हाताखाली रोज असतात. शिसे शरीरात साठते, डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. या तिघांच्या शीट्स आधी वाचाव्यात आणि त्यातली खबरदारी मोठ्या अक्षरांत मराठीत बेंचवर लावावी. शिशाचे आणि क्रोमियमचे उरलेले द्रावण सिंकमध्ये जाऊ नये म्हणून झाकणाचे वेगळे कॅन ठेवावेत, त्यावर सुरुवातीची तारीख लिहावी. शीट्समध्ये अधूनमधून बदल होतात, तेव्हा जूनमध्ये लॅब उघडताना नव्या प्रती छापून जुन्या फाडून टाकाव्यात.