आयबीएम एमक्यू ९.३, जुन्या आवृत्त्यांच्या सोबतीने: कापसाचा एक सीझन काढल्यानंतरचा अनुभव

जळगावला मुख्यालय असलेल्या एका नागरी सहकारी बँकेत मी सिस्टिम ॲडमिन आहे. शाखा जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत. एमक्यू म्हणजे प्रोग्रामांमधले मेसेज रांगेत (क्यूत) ठेवून पोचवणारं सॉफ्टवेअर. कोअर बँकिंगमधून (खात्यांचं मुख्य सॉफ्टवेअर) निघालेले एनईएफटी-आरटीजीएसचे मेसेज एमक्यूवरून स्पॉन्सर बँकेकडे (जिच्यामार्फत आमचे हे व्यवहार होतात ती बँक) जातात, तिकडून आलेले जमा-परताव्याचे मेसेज त्याच वाटेने परत येतात. ग्राहकाला जाणारे एसएमएसही याच क्यूंमधून उचलले जातात. आमच्याकडे ८.० ही आवृत्ती एआयएक्स या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या सर्व्हरवर चालू होती. तिचा सपोर्ट २०२० मध्येच संपलेला, आणि ऑडिटच्या अहवालात दरवर्षी तोच शेरा. शेवटी आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गर्दी ओसरल्यावर लिनक्सवर ९.३ उभं केलं. आता केळीचे आणि कापसाचे पैसे या सिस्टिममधून भरपूर फिरून झालेत, म्हणून लिहायला हरकत नाही.

नवीन फीचर्सबद्दल मी फार बोलणार नाही. आमच्यासारख्या ठिकाणी ती फारशी वापरली जात नाहीत. आमचा खरा प्रश्न असा की आपण ९.३ वर गेलो तरी बाकीचं जग जिथे आहे तिथेच राहणार. स्पॉन्सर बँकेचा क्यू मॅनेजर (रांगा सांभाळणारा एमक्यूचा सर्व्हर) आमच्यापेक्षा जुना, कोअर बँकिंगच्या जावा प्रोग्राममध्ये ८.० ची क्लायंट जार (एमक्यूला जोडणारी जावा लायब्ररी), आणि एसएमएसचा प्रोग्राम तर ७.० च्या काळातला, सी मध्ये लिहिलेला. ज्याने लिहिला तो पुण्याला निघून गेला.

आधी चांगलं सांगते. वेगवेगळ्या आवृत्त्या एकमेकांशी बोलतात हे आश्वासन शंभर टक्के पाळलं जातं. चॅनेल (दोन टोकांमधली जोडणी) सुरू होताना दोन्ही टोकं आपापली पातळी सांगतात आणि खालच्या पातळीवर जुळवून घेतात. मेसेजची कमाल लांबी दोघांतली लहान ती, हार्टबीट (लाइन जिवंत आहे का हे तपासायचं अंतर) दोघांतला मोठा तो. रावेरचा लेवा माणूस आणि साक्रीचा अहिराणी बोलणारा माणूस बाजारात भेटले की दोघंही आपापले खास शब्द बाजूला ठेवून व्यवहार उरकतात, तसंच हे. १९९३ साली एमक्यूसिरीज म्हणून आलेलं, पुढे वेबस्फिअर एमक्यू आणि मग आयबीएम एमक्यू अशी नावं बदललेलं हे सॉफ्टवेअर या एका बाबतीत कधी घसरलेलं मी पाहिलं नाही.

मग अडलं कुठे? अडलं ते आवृत्तीबरोबर गुपचूप बदललेल्या डिफॉल्टमध्ये. आणि त्यात एक खुबी आहे जी कुठलाच वेंडर मीटिंगमध्ये सांगत नाही: जुना क्यू मॅनेजर वर चढवला तर तो जुन्या सवयी घेऊन येतो, नवा बनवला तर नव्या सवयींचा जन्मतो. ७.१ मध्ये चॅनेल ऑथेंटिकेशनचे नियम (चॅनेलवरून कुणाला आत घ्यायचं ते) आले. नव्या क्यू मॅनेजरला ते चालू असतात, खालून वर आलेल्याला बंद. ८.० मध्ये कनेक्शन ऑथेंटिकेशन (युजर-पासवर्डची तपासणी) आलं, तिथेही हेच. आमचा ८.० वाला मुळात ७.० वर जन्मलेला, त्यामुळे दोन्ही दारं सताड उघडी. आवृत्तीचा आकडा ८, सुरक्षा ७ ची.

एआयएक्सवरून लिनक्सवर क्यू मॅनेजर जसाच्या तसा उचलून नेता येत नाही, नवाच बनवावा लागतो. जुन्याची व्याख्या डंप करायची (फाइलमध्ये उतरवायची) आणि नव्यावर चढवायची. वेंडरच्या मुलाचं म्हणणं, 'मॅडम, पूर्ण डंप चढवू, पहिल्या मिनिटाला सगळं चालेल.' खरंच चाललं असतं. कारण त्या डंपमध्ये क्यू मॅनेजरची स्वतःची ओळसुद्धा असते आणि तिच्यात चॅनेल ऑथेंटिकेशन बंद, कनेक्शन ऑथेंटिकेशन रिकामं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे नव्या घराला जुनी तुटकी कडी. मी ती ओळ काढून बाकीचा डंप चढवायला लावला. त्यावरून थोडी वादावादी झाली, पण आमचे आयटीचे साहेब माझ्या बाजूने उभे राहिले. आजही वाटतं, एवढ्या एका निर्णयासाठी हे सगळं केलं असं म्हटलं तरी चालेल.

त्याची किंमत म्हणजे एरर कोड २०३५. एमक्यू वापरणाऱ्याला हा आकडा झोपेत विचारला तरी सांगता येतो: परवानगी नाही. क्लायंटला फक्त २०३५ दिसतो, कारण कळत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय. खरं कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये. एसएमएसचा प्रोग्राम एमक्यूएम या ॲडमिन युजरने जोडला जायचा, त्याला नव्या नियमाने दारातच अडवलं, लॉगमध्ये एएमक्यू९७७६. त्यासाठी वेगळा साधा युजर काढला, त्याला एका क्यूवरून फक्त वाचायची परवानगी दिली, संपलं.

कोअर बँकिंगचं प्रकरण जरा गमतीदार. टेस्टमध्ये चालतं, प्रॉडक्शनवर २०३५. युजर तोच, नियम तेच. लॉगमध्ये एएमक्यू५५३४, म्हणजे युजरची ओळख पटली नाही. पासवर्ड तीनदा टाइप करून पाहिला, बरोबर. मग फरक शोधत गेलो. टेस्ट सर्व्हरवर कुणीतरी ९.३ ची जार टाकून ठेवलेली होती, प्रॉडक्शनवर ८.० ची. जुन्या जावा क्लायंटची डिफॉल्ट पद्धत कंपॅटिबिलिटी मोडची, त्यात युजर आणि पासवर्ड १२ अक्षरांपर्यंतच जातात. ९.३ पासून डिफॉल्ट बदलला आणि लांब पासवर्डही नीट जातो. आमच्या नव्या धोरणाप्रमाणे सर्व्हिस पासवर्ड त्याहून लांब! बारा अक्षरांपुढचा पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हता. जुन्या जारलाही एक प्रॉपर्टी देऊन नवी पद्धत चालू करता येते. ती जावाच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाकली आणि कनेक्शन लागलं. 'कंपॅटिबिलिटी'च्या नावाने ठेवलेली सोयच आडवी आली, हे त्यातलं विशेष.

टीएलएसचं, म्हणजे लाइनवरच्या एन्क्रिप्शनचं, थोडक्यात सांगते. एसएसएल ३ (टीएलएसच्या आधीचं) आणि जुने कमजोर सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) नव्या आवृत्त्यांमध्ये डिफॉल्टने बंद असतात. स्पॉन्सर बँकेच्या ईमेलमध्ये आलेल्या सायफरच्या नावाच्या शेवटी नुसतं 'शा' होतं, आम्ही लावलेल्याच्या शेवटी 'शा२५६'. बाकी नाव अक्षरशः सारखं. पहिला टीएलएस १.० चा, दुसरा १.२ चा. हँडशेक (जोडणीची सुरुवातीची बोलणी) एएमक्यू९६३१ देऊन तुटायचा. आमच्या क्यूएम डॉट आयएनआय फाइलमध्ये जुने सायफर चालू करणारी ओळ टाकता येते, तिकडच्या माणसाचा आग्रह तोच होता. आम्ही नकार दिला, चार दिवस पत्रव्यवहार चालला, मग त्यांनीच चॅनेलची व्याख्या बदलली. जुनी आवृत्ती असूनही टीएलएस १.२ त्यांना येत होतं. फक्त कुणी बदललं नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला बॅच, दिवसाला ४८. आरटीजीएसही १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास. म्हणजे 'रविवारी बंद असतं, तेव्हा करू' ही सोय आता इतिहासजमा. कटओव्हर (जुन्यावरून नव्यावर जाणं) कधीही केला तरी कुठला ना कुठला मेसेज वाटेत असणारच.

सेंडर चॅनेल मेसेज बॅचने पाठवतं, प्रत्येक बॅचला एक आयडी असतो आणि मेसेजला क्रमांक. बॅच गेली, समोरून पावती यायच्या आत लाइन तुटली, तर ती बॅच इनडाउट राहते: पोचली की नाही, सेंडरला माहीत नाही. नेहमीच्या दिवसात चॅनेल पुन्हा जोडलं की दोघं आपसात हिशोब मिटवतात. पण तुम्ही मध्येच सर्व्हर बदललात तर हिशोब मिटवायला जुना सेंडर उरत नाही. आम्ही जुनं चॅनेल थांबवलं तेव्हा स्टेटसमध्ये इनडाउट 'येस' दिसत होतं. वेंडरचा मुलगा म्हणाला, 'बॅकआउट करू, परत जातील.' म्हणजे बॅच पोचलीच नाही असं धरून मेसेज पुन्हा रांगेत घ्यायचे. परत गेले असते हो, आणि आधीच पोचलेले असते तर शेतकऱ्याच्या खात्यात दोनदा जमा!

इथे अंदाज चालत नाही, बघायची जागा ठरलेली आहे. आपल्या सेंडरचा चालू बॅच आयडी घ्यायचा. समोरच्या रिसीव्हरचा शेवटचा कमिट झालेला (पोचल्याची पक्की नोंद झालेला) बॅच आयडी फोनवर विचारायचा. दोन्ही सारखे असतील तर बॅच पोचली, रिझॉल्व्ह करून कमिट. वेगळे असतील तर नाही पोचली, बॅकआउट. स्पॉन्सर बँकेच्या रात्रपाळीच्या माणसाला ही कमांड कुणी कधी विचारलीच नव्हती. मी त्याला अक्षर-अक्षर सांगितली, त्याने तो लांबलचक हेक्स आकडा वाचून दाखवला, मी कागदावर लिहून घेतला आणि एकेक जोडी बोटाने जुळवली. सारखा निघाला. कमिट केलं.

त्यानंतरही नवा सेंडर सुरू होईना, एएमक्यू९५२६. नाव तेच, आयपी तोच, चॅनेल तेच, पण नवा क्यू मॅनेजर १ पासून मोजायला लागलेला, आणि समोरचा जुनाच मोठा आकडा धरून बसलेला. सेंडरच्या बाजूने रिसेट चॅनेल दिलं की पुढच्या जोडणीला दोन्हीकडचा आकडा जुळतो. फक्त इनडाउटचा निकाल लागल्याशिवाय रिसेट देऊ नये. घाईत लोक नेमका उलटा क्रम करतात, कारण रिसेटने लाल दिवा लगेच हिरवा होतो.

सकाळी सहाला शिरपूरहून एका ग्राहकाचा फोन आलाच: 'पैसा कव्हय येतीन भाऊ?' फोन उचलला होता मी, तरी 'भाऊ'च. पैसे तोवर जमा झालेले होते.

दुसऱ्या आठवड्यात एसएमएस बंद पडले. कनेक्शन ठीक, क्यूमधून मेसेज उचलले जातायत, पण प्रोग्राम प्रत्येक मेसेज 'चुकीचा फॉरमॅट' म्हणून बाजूला टाकतोय. एक मेसेज उघडून पाहिला तर मोबाइल नंबरच्या जागी सुरुवातीला आर, एफ, एच ही अक्षरं आणि एक स्पेस. कोअर बँकिंगच्या टीमने त्याच सुमारास आपला कोड जेएमएस (जावाची मेसेज पाठवायची प्रमाणित पद्धत) पद्धतीचा केला होता. जेएमएस मेसेजसोबत प्रॉपर्टी (मेसेजबद्दलची जादा माहिती) जातात, आणि ज्याला प्रॉपर्टी म्हणजे काय हेच माहीत नाही अशा जुन्या प्रोग्रामला त्या मेसेजच्या डोक्यावर आरएफएच२ हेडर होऊन मिळतात. क्यूच्या व्याख्येत प्रॉपर्टी कंट्रोलचा डिफॉल्ट 'कॉम्पॅट' असतो, तो 'नन' केला की हेडर गळून पडतं आणि जुन्या प्रोग्रामला पूर्वीसारखा मेसेज मिळतो. एका ओळीचा बदल, जुन्या कोडला हात न लावता. हे मला मनापासून आवडलं. तेहेतीस वर्षांच्या संसारात जुन्या पाहुण्यांची सोय कशी बघावी ते या लोकांना कळतं.

रोजच्या वापरात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मात्र साधी आहे. चॅनेल स्टेटसमध्ये समोरच्याचं उत्पादन आणि आवृत्ती दाखवणारी दोन फील्ड आहेत. आठ आकडी नंबर, पहिले दोन आकडे मुख्य आवृत्तीचे. मी महिन्यातून एकदा ती यादी काढते. त्यातूनच नंदुरबारकडच्या एका शाखेत ७.५ चा क्लायंट असलेला, कुणाच्याच नोंदीत नसलेला एक पीसी सापडला. टेबलाखाली, धुळीत, वर चहाचा थर्मास.

तक्रारी आहेतच. परवाना प्रोसेसरच्या हिशोबाने, आमच्या आकाराच्या बँकेला तो जड जातो. एकदा नव्या आवृत्तीत क्यू मॅनेजर सुरू केला की लिनक्सवर मागे जायचा रस्ता नाही, आधीचा बॅकअप हाच आधार. म्हणून जुना सर्व्हर आम्ही दिवाळीपर्यंत तसाच ठेवला होता. एकाच मशीनवर दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवता येतात, ७.१ पासूनची ही सोय टेस्टसाठी फार चांगली, पण मेमरी हिशोबाने घ्या. मे महिन्यात भुसावळ-जळगावचं ऊन आणि सर्व्हर रूमचा एसी यांचं जे नातं आहे, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

कुणी ८.० किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरून निघणार असेल तर ९.३ घ्या की ९.४ यावर डोकं फोडू नका. नवा क्यू मॅनेजर बनवायचा की जुनाच वर चढवायचा हे आधी ठरवा. माझं मत, शक्य असेल तर नवाच. वेळ जास्त जातो, २०३५ बघून वैताग येतो, पण दहा वर्षांपूर्वीची उघडी दारं मागे राहतात. चढवायचाच असेल तर ऑथेंटिकेशनचे दोन्ही स्विच स्वतः चालू करा, ते आपोआप होणार नाहीत. आणि टेस्टला प्रॉडक्शनचीच जार लावा.

आता पुढची कटकट जकार्ताची. ९.३ सोबत जेएमएसच्या दोन वेगळ्या जार येतात, एक जुन्या जावाएक्स नावांची, एक त्यांच्या जागी आलेल्या जकार्ता नावांची. आमचा कोअर बँकिंगचा वेंडर पुढच्या रिलीजला जकार्तावर जाणार म्हणतोय. दोन्ही जार एकाच क्यूवर सोबत चालतात की नाही याची चाचणी त्यांच्याच माणसासमोर करायची असं मी लेखी कळवलंय. उत्तराची वाट बघतेय.