अंबडमध्ये घडवून घेतलेली ‘टाकी-गाडी’

दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमानांच्या जादा इंधनटाक्या अमेरिकेत स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा बिल बर्क यांनी १९४६ मध्ये पी-५१ मस्टँगच्या टाकीपासून कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरांवर धावणारी वेगवान गाडी बांधली. पुढे पी-३८ या लढाऊ विमानाची अधिक मोठी टाकी घेऊन त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेले. तशाच गाडीचे अर्ध्या मापाचे कवच आम्ही अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात करवून घेतले. लाकडी साच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून तिथल्या कारागिरांनी नाकाकडचा थेंबासारखा बाक इतक्या सफाईने आणला आहे की, हात फिरवूनही जोड कळत नाही. अशा गाड्यांच्या ‘लेकस्टर’ या शर्यत-वर्गात चाके कवचाबाहेर उघडीच असावी लागतात, हे मात्र दोनदा सांगावे लागले. कारागिरांना मडगार्ड लावण्याची हौस फार. शेपटीकडचे काही रिव्हेट वाकडे बसले आहेत आणि काम तीन आठवडे लांबले. तरीही वक्र पत्र्याचे काम असेल, तर मी पुन्हा तिथेच जाईन. रंगकाम मात्र दुसरीकडे करून घ्यावे.