धायरीतलं हार्डवेअरचं दुकान: नवा नळ आणायला गेले, पाइप घेऊन आले

मी घरून पोळी-भाजीचे डबे देते. सकाळी साडेपाचला पालक धुवायला घ्यावा आणि सिंकच्या नळाला करंगळीएवढी धार यावी, असं बारा दिवस चाललं होतं. तेही फक्त थंडला. गरमची मूठ फिरवली की धो धो. मग मी गिझर बंद ठेवून गरमच्या बाजूनेच साधं पाणी भरायला लागले. पण पाइपात रात्रीचं कोमट पाणी राहिलेलं असायचं, पालक त्यातच कोमेजायचा.

आधी एका अ‍ॅपवरून प्लंबर बोलावला. त्याने नळ उघडला, बंद केला, म्हणाला, "मिक्सर गेलाय." मी चटणीच्या मिक्सरकडे बघितलं. नंतर कळलं, दोन मुठींच्या नळाला मिक्सर म्हणतात. नवा ३,८०० रुपयांचा, बसवायचे वेगळे. सिंकखालचं दारसुद्धा त्याने उघडलं नव्हतं. येण्याचे २४९ मात्र घेतले.

तेव्हा स्वतःच नळ बघावा म्हणून आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. गल्ल्यावर साठीचे एक काका असतात. नळ दाखवा म्हटलं तर दाखवला नाही, उलटतपासणीच सुरू केली.

"गरमला जोर आहे?"

"आहे."

"मग तोंडाची जाळी नाही. जाळीतून दोन्ही पाणी जातं, ती तुंबली तर दोन्ही बारीक होतात. बेसिनला थंड कसं येतं?"

"चांगलं येतं."

"मग टाकी नाही, वरची लाइन नाही. सिंकखाली बघायचं. आरओ आहे का?"

आहे आणि नेहमीसारखा भरतोय, असं मी सांगितलं. त्यावर काका म्हणाले, "त्याला पाणी लागतं किती? एवढ्याशा नळीतून तो रात्रभर पीत बसतो. तो भरतो म्हणजे धार आहे असं नाही." मग विचारलं, हल्ली कोणी खाली हात घातला होता का. तेव्हा मला आठवलं, महिनाअखेरीला आरओची सर्व्हिस झाली होती, आणि त्याच आठवड्यात सोसायटीची टाकीही धुतली होती.

काकांनी २०० रुपये अनामत घेऊन पाना दिला आणि काय करायचं ते सांगितलं. अँगल कॉक, म्हणजे सिंकखालचा भिंतीतला छोटा कॉक, बंद करायचा, तिथून नळाला जाणाऱ्या कनेक्शन पाइपचं खालचं टोक सोडवायचं, खाली बादली धरून कॉक हळूच उघडायचा. जोरात आलं तर दोष त्याच्या पुढे, बारीक आलं तर कॉकमध्ये.

मी तसं केलं. बादली धरली होती, तरी गाऊन भिजला, इतकं जोरात आलं. म्हणजे कॉक ठीक होता, आरओचा टी, म्हणजे आरओला पाणी देणारा तीन तोंडांचा जोड, तोही ठीक होता. उरले पाइप आणि नळ. सिंकमागे हात घालून पाइपचं वरचं टोक सोडवलं आणि तोंडाने फुंकून बघितलं. गाल फुगले, हवा नीट जाईना.

पाइप घेऊन परत दुकानात. काकांनी ट्यूबलाइटखाली धरला आणि सेफ्टी पिन घालून आतून एक पांढरा गोळा ओढून काढला. टेफ्लॉन टेपची चिंधी, तिच्यात गुरफटलेले क्षाराचे पिवळट पापुद्रे आणि वाळूचे चार कण. आरओवाल्याने टीच्या आट्यांवर टेप भरपूर गुंडाळली होती, तिचा सुटलेला तुकडा पाण्याबरोबर वर गेला. या पाइपला अर्धा इंची म्हणतात, पण ते खालच्या नटाचं माप. नळात जाणाऱ्या टोकाचं भोक पेन्सिलीएवढं. तिथेच अडकला. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी, त्यामुळे क्षाराला तोटा नाही. २०१७ मध्ये धायरी पुणे महापालिकेत गेली, टँकर आहेतच.

जुना पाइप चालला असता, काका तसं म्हणालेही. पण आतलं रबर कडक झालं होतं म्हणून मी दीड फुटी नवा घेतला, १८० रुपये. नट पितळी आहे का ते त्यांनीच खरवडून दाखवलं. सोबत पाच रुपयांचा एक वायसर जास्तीचा दिला. तो लागलाच, कारण पहिला मी पान्याने इतका आवळला की चिरडून थेंब गळायला लागले. आधी नट हाताने पूर्ण बसवायचा, मग पान्याने पाव फेरा, एवढंच.

लिटरचा जार आधी ३४ सेकंदांत भरत होता, आता ९ सेकंदांत भरतो. गरमला ८ लागतात.

नवा नळ सहज विकता आला असता, तो विकला नाही, म्हणून चार तारे. एक कापला. दुकान दीड ते चार बंद, आणि माझे डबे नेमके दीडला संपतात. पायरी इतकी उंच की गुडघेवाल्यांनी कोणाला तरी सोबत न्यावं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. बोलणं तुटक, दोनदा विचारलं की "मघाशी सांगितलं ना ताई" असं ऐकावं लागतं. पाना परत दिल्यावर अनामत लगेच मिळाली, पण आधी त्यांनी तो पुसून घेतला, तेही माझ्याच ओढणीकडे बघत.