मुर्जा, सिला की गार्गानो: दक्षिण इटलीत सायकल कुठे न्यावी?

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया, चवडा म्हणजे कालाब्रिया आणि मधली कमान म्हणजे बाझिलिकाता. नकाशावर हे सगळं हाताच्या अंतरावर दिसतं, त्यामुळे दहा दिवसांत तिन्ही उरकायचा मोह होतो. तसं करायला गेलात तर निम्मी सुट्टी फलाटावर सायकल धरून उभं राहण्यात जाईल. एकच भाग निवडा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यांवर चालणारी, जाड टायरांची सायकल) असेल आणि एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर मिळत असेल, तर पुलियातलं मुर्जाचं पठार. मुलांच्या शाळांमुळे किंवा ऑफिसमुळे जुलै-ऑगस्टच हाती असेल, तर कालाब्रियातलं सिला. माउंटन बाइक असेल आणि उतारावर ब्रेक तापवायची हौस असेल, तर पुलियातलंच गार्गानो. मुर्जा आणि सिला यांच्यातच बहुतेकांचं घोडं अडतं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

दोन्हींतला मोठा फरक चढाचा नाही, पाण्याचा आहे. मुर्जा म्हणजे चुनखडीचं पठार. पाऊस पडतो तो भेगांतून थेट जमिनीच्या पोटात जातो. मैलोन्‌मैल ओढा दिसत नाही. या कोरड्या मुलखाला पाणी देण्यासाठी १९०६ मध्ये काम सुरू झालं, डोंगरापलीकडच्या कापोसेलेच्या झऱ्यांचं पाणी बोगद्यांतून इकडे वळवलं आणि १९१५ मध्ये ते बारी शहरात पोचलं. त्या कालव्याच्या देखभालीचा कच्चा रस्ता आता सायकलमार्ग होतो आहे. कापोसेले ते टाचेच्या टोकाचं सांता मारिया दी लेउका, सुमारे ५०० किलोमीटर. पण पूर्ण मार्ग सलग तयार आहे असं समजून जाऊ नका. कुठे छान बारीक खडी अंथरलेली आहे, कुठे मधेच गावातल्या रस्त्यांवरून वळसा घ्यावा लागतो. तयार झालेल्यांपैकी सगळ्यात देखणा तुकडा इत्रिया खोऱ्यात, चिस्तेर्निनो आणि चेल्ये मेस्सापिका यांच्या दरम्यान आहे. पाणी आपल्या वजनानेच वाहत जावं असा कालव्याचा उतार ठेवलेला, त्यामुळे सोबतच्या रस्त्यालाही चढ जवळजवळ जाणवत नाही. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, शंकूसारख्या दगडी छपरांची त्रुल्ली घरं आणि कोकणातल्या गडग्यांसारख्या चुन्याशिवाय रचलेल्या भिंती. गडगे रचण्याची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

गंमत म्हणजे कालवा बंदिस्त आहे. चाकाखालून प्रांताचं पिण्याचं पाणी वाहतंय आणि आपली बाटली मात्र रिकामी! बाटली भरायची ती गावात, चौकातल्या ओतीव लोखंडाच्या नळावर. म्हणून या बाजूला दोन मोठ्या बाटल्या आणि पाठीवर पाण्याची पिशवी, यात तडजोड नको.

इत्रिया खोरं हा मुर्जाचा गोड चेहरा. खरा रांगडा मुलूख त्याच्या वायव्येला, आल्ता मुर्जा राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान २००४ चं. उंची कुठेच ७०० मीटरच्या वर जात नाही, पण सतत लाटांसारखे छोटे चढ-उतार येत राहतात आणि संध्याकाळी मांड्या त्याचा हिशेब मागतात. झाडं तुरळक, गवत, दगड आणि वारा. वसंतात तांबडी खसखशीची फुलं. जुने दगडी मेंढवाडे ठिकठिकाणी दिसतात, कारण शतकानुशतकं धनगर इथून कळप घेऊन जात. त्यांच्या रुंद वाटांचे काही तुकडे आजही सायकलखाली येतात. उत्तरेला टेकडीवर तेराव्या शतकातला कास्तेल देल मोंते हा अष्टकोनी किल्ला आहे. तो तासभर आधीपासून दिसत राहतो आणि काही केल्या जवळ येत नाही.

इथे तीन गोष्टींची तयारी ठेवा. पहिली, टायर. चुनखडीचे तुकडे धारदार असतात, आणि आपल्याकडे ज्यांना सराटे म्हणतात तेच काटे इथल्या वाटांवरही पसरलेले असतात. ट्यूबलेस, आत भोक बुजवणारं सीलंट आणि ४० मिलिमीटरच्या वरचं टायर. यापेक्षा अरुंद टायर असेल तर डांबरावरच राहा. दुसरी, चिखल. पावसानंतर लाल माती चाक आणि फ्रेमच्या मधे अशी बसते की पन्नास पावलांत चाक फिरेनासं होतं. मी एकदा काडीने माती खरवडत, सायकल खांद्यावर मारून अर्धा तास चाललो आहे. पाऊस पडून गेल्यावर एक दिवस डांबरी रस्ते धरावेत.

तिसरी, कुत्री. पांढरी, केसाळ, वासरासारखी थोराड मारेम्मानो कुत्री कळपाची राखण करतात. मेंढ्या दिसल्या की ती कुठेतरी असणारच. पहिल्यांदा समोर आली तेव्हा मी जोर लावून पुढे काढायचा प्रयत्न केला, आणि तीच चूक झाली. पळणारी वस्तू त्यांना लांडगाच वाटते. उतरायचं, सायकल आपल्या आणि त्यांच्या मधे धरायची, कळपाला लांबून वळसा घालत हळू चालायचं. धनगराने एक शीळ घातली आणि तिन्ही कुत्री जागच्या जागी बसली. त्याने हात हलवला, मीही हलवला. पुढचे दोन किलोमीटर माझी छाती धडधडत होती.

आता सिला. हेही पठारच, पण हजार-बाराशे मीटरच्या वर, आणि ग्रॅनाइटचं. हा एक फरक सगळं बदलतो. पाणी जमिनीवरच राहतं. रस्त्याच्या कडेला दगडी तोंडातून वाहणारे झरे, चेचिता आणि आर्वोसारखे धरणांचे तलाव, आणि लारिचो पाइनची सरळसोट जंगलं. कच्च्या वाटा मऊ, मुरुमासारख्या. पाऊस जिरतो, चाकाला चिखल फारसा चिकटत नाही. सावलीतून तासन्‌तास जाता येतं. ऑगस्टमध्ये मुर्जावर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सिलात संध्याकाळी जाकीट लागतं. फाल्लिस्त्रोच्या राखीव वनात साडेतीनशे वर्षांचे, ४५ मीटरपर्यंत उंच पाइन आहेत. त्यांच्या बुंध्याशी सायकल टेकवून फोटो काढलात तर सायकल खेळण्यातली वाटते.

पण चढ खरे आहेत. सर्वांत उंच बोत्ते दोनातो १,९२८ मीटर. खालच्या शहरातून वर यायचं म्हणजे एक दिवस घाटातच जातो. म्हणून मुक्काम वरच करावा, कामिल्यातेल्लो किंवा लोरिकाला, आणि रोज वेगळी फेरी मारावी. भाड्याची सायकलही पुलियाइतकी सहज मिळत नाही. आधी ठरवूनच निघा. आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. कालाब्रियाचा चार उद्यानांमधून जाणारा, लाइनो बोर्गो ते रेज्जो कालाब्रिया हा ५४५ किलोमीटरचा सायकलमार्ग फार सुंदर आहे, पण तो मुख्यतः कमी रहदारीच्या डांबरी रस्त्यांवरून जातो. ग्रॅव्हलच्या आशेने गेलेले हिरमुसतात.

जेवणाचाही विचार करा, विशेषतः शाकाहारी असाल तर. पुलियात सुकवलेल्या फावा बीन्सचं घट्ट वरण आणि वर कडसर पालेभाजी, सोबत आल्तामुरा गावचा जाड सालीचा पाव: दिवसभर सायकल मारल्यावर याहून समाधानाचं ताट मला माहीत नाही. पालेभाजीच्या पास्त्यात मात्र बऱ्याचदा मासा विरघळवलेला असतो, विचारून घ्या. कालाब्रियात मिरचीचा हात सढळ, त्यामुळे आपली जीभ खूश, पण अनेक पदार्थांत न्दूया नावाचं डुकराच्या मांसाचं तिखट वाटण असतं. तिथे बटाटे आणि काचोकावाल्लो चीज हाच भरवशाचा आधार. दोन्हीकडे दुपारी दुकानं बंद होतात, ती थेट चार-पाचला उघडतात. सकाळीच खाऊ भरून घ्या.

गार्गानोबद्दल थोडक्यात. बुटाच्या टाचेवरची ही आर, समुद्रात घुसलेली. वर फोरेस्ता उम्ब्रातलं बीच नावाच्या वृक्षांचं जंगल, खाली पांढरे कडे आणि निळं पाणी. मधे सुट्या दगडांचे, वळणावळणांचे उतार. ग्रॅव्हल बाइक इथे नेली तर हात सुन्न होतात. पुढे सस्पेन्शन हवंच. कालाब्रिया आणि बाझिलिकाता यांच्या सीमेवरचा पोल्लीनो डोंगर अधिक उंच आणि अधिक एकाकी आहे, २,२६७ मीटरपर्यंत जातो. तिथे २०१८ मध्ये वय निश्चित झालेला १,२३० वर्षांचा पाइन उभा आहे. मात्र पहिल्याच खेपेला तिकडे जाऊ नये असं माझं मत. चुकलात तर विचारायलाही माणूस भेटत नाही.

अगदी टाचेच्या टोकाकडचं सालेंतो मी मुद्दाम सुचवत नाही. २०१३ मध्ये तिथे झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि लाखो ऑलिव्ह वाळले. सपाट आहे, सोपं आहे, पण राखाडी खोडांच्या रांगांमधून दिवसभर जाणं जड जातं.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांसाठी एवढंच: शेंगेन व्हिसाची तारीख आधी, विमान नंतर. रोमहून बारीला जलद गाडीने चार तास लागतात, पण त्यात सायकल सुटी करून पिशवीतच न्यावी लागते. प्रादेशिक गाड्यांत सायकलच्या खुणेच्या डब्यात ती उभीच चढवता येते. मी पहिल्या खेपेसाठी असं आखेन: बारी, मग तीन दिवस आल्ता मुर्जा, आल्तामुराहून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या मातेराला दोन रात्री, उरलेले दिवस इत्रिया खोरं. मातेरात मुक्काम गुहांच्या जुन्या वस्तीत घेणार असाल तर आधी विचारा, सायकल किती पायऱ्या उतरवावी लागेल.